न आवडणाऱ्यांचा रविवार

सरांना मी आवडत नव्हते, हे मला सव्वादोन वर्षांनी कळलं. आणि ती सव्वादोन वर्षं ते जवळजवळ दर रविवारी आमच्या घरी येत होते.

दारव्ह्यात आम्ही एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवत असे, ते पीटी. उंच, काटकुळा माणूस. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. दर शनिवारी शाळा सुटली की खडूची पूड पाण्यात कालवून ते बूट पांढरे करायचे आणि स्टाफरूमच्या खिडकीत वाळत ठेवायचे. तोवर अनवाणी. गळ्यात शिटी. ती लग्नातही असायची आणि मयतीतही. एकदा मुख्याध्यापकांनी हळूच सुचवलं, की निदान पालकसभेला तरी शिटी काढून ठेवत जा. सर म्हणाले, "तुम्ही चष्मा काढून ठेवता का जी?"

त्यांचं घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. पण गावात कुणाला भेटले की ज्याचा जो नमस्कार, तोच ते करायचे. मुख्याध्यापकांना रामराम, मला जय भीम, चर्चमधल्या लोकांना सलाम. बोलणं मात्र सगळ्यांशी सारखंच फटकळ. माझ्या पहिल्याच वर्षी गॅदरिंगला मी सूत्रसंचालन केलं. सगळ्यांनी कौतुक केलं. सर जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, अर्धं कापलं असतं तर उरलेलं चांगलं झालं असतं."

मुलं त्यांना घाबरायची आणि त्यांच्यामागे धावायचीही. आठवीतल्या दोन मुलींचं एकदा कडाक्याचं भांडण झालं, वेण्या ओढण्यापर्यंत गेलं. सरांनी ओढणी घेऊन एकीचा उजवा पाय दुसरीच्या डाव्या पायाला बांधला आणि मैदानाला दहा फेऱ्या मारायला सांगितल्या.

"सर, मले ही नाही आवडत," त्यातली एक रडत म्हणाली.

"आवडाले कोन सांगून राह्यलं? पाय मिळव."

दोन फेऱ्यांत त्या चारदा पडल्या. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. मला ते रानटी वाटलं. मधल्या सुट्टीत जाऊन मी तसं बोललेही. "मुलींना अपमान वाटतो, सर." ते मैदानाकडे बघत म्हणाले, "वाटत असन. पण पाहा जी, आता पडून नाही राह्यल्या." खरंच पडत नव्हत्या. आठवी की नववी फेरी चालू होती आणि दोघी मोठ्यानं 'एक-दोन, एक-दोन' म्हणत होत्या.

त्यांचा एक शब्द मला नेहमी खटकायचा. प्रेमाला ते 'प्रीती' म्हणायचे. मराठीच्या बाईला 'प्रीती' म्हटलं की चांदणं नि विरहाची कविता आठवते. सरांच्या तोंडी तो शब्द असा यायचा, जसं आपण 'उठाबशा' म्हणावं. "प्रीती करायची असते जी. होत नसते." चर्चमध्ये लहानपणापासून कानावर पडलेला शब्द असेल, असं मी समजून घेतलं. पण तो त्यांच्यासाठी नुसता शब्द नव्हता, हे कळायला वेळ लागला.

तर रविवार. साडेतीनला फाटकाची कडी वाजायची. सर आत यायचे, बूट काढून भिंतीशी सरळ लावायचे, कागदाच्या पुडीतून पाच-सहा लिंबं काढून टीपॉयवर ठेवायचे. त्यांच्या अंगणात झाड होतं. मग बिनसाखरेचा चहा. मग ठरलेले प्रश्न. तब्येत कशी आहे? नळाले पाणी येते का? पोरगी अमरावतीत रमली का? एवढं झालं की गप्प. भिंतीकडे बघत बसायचे. मनगटावरच्या घड्याळात चाळीस मिनिटं झाली की उठायचे, "येतो जी," म्हणून निघून जायचे.

माझे यजमान वीज मंडळात लाइनमन. त्यांना सरळ माणसं आवडतात, पण हे त्यांनाही झेपेना. "हा मानूस येते तरी कायले?" ते विचारायचे. माझ्या जाऊबाईंचा तर्क वेगळा होता. "ख्रिश्चन आहेत ना? हळूच धर्माचं काढतीन पाहा." मी वाट पाहिली. सर धर्माबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. नळाच्या पाण्यापलीकडे गाडी कधी गेलीच नाही.

मला मात्र आतून बरं वाटायचं. एवढा तुसडा माणूस, कुणाकडे जात नाही, येत नाही, आणि माझ्याकडे येतो. स्टाफरूममध्ये मी दोन-तीनदा मुद्दाम सांगितलंही, "सर कालही आले होते." बाकीचे एकमेकांकडे बघायचे. मला वाटायचं, त्यांना हेवा वाटतो.

माझं माहेर नेरचं. सरांची एकुलती एक मुलगी, एस्तेर, नेरला बसस्टँडजवळ ब्लाउज शिवण्याचं दुकान चालवते, हे मला ठाऊक होतं. एका दिवाळीला माहेरी गेले तेव्हा ब्लाउज टाकायच्या निमित्तानं तिच्याकडे गेले. तिशी ओलांडलेली, बापासारखीच उंच. उजव्या हाताचं मनगट किंचित वाकडं होतं. कात्री धरताना ती कोपर उचलून धरायची. मी ओळख सांगितली आणि कौतुकानं म्हटलं, "तुझे पप्पा दर रविवारी येतात बरं का आमच्याकडे. लिंबं घेऊन."

तिनं मशीन थांबवलं. "दर रविवारी?"

"हो, दोन वर्षं तरी झाली."

ती हसायला लागली. हसू आवरेना तिला. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "राग नका मानू ताई. पन मंग तुम्ही त्याहिले आवडत नसान."

मला वाटलं, थट्टा करते. ती थट्टा करत नव्हती. तिची आई गेल्यापासून पप्पांचं हे सुरू झालं, असं तिनं सांगितलं. रविवारी सकाळी उपासनेत ते डोळे मिटून बसतात. ज्या माणसाचा चेहरा समोर आला की दात आवळले जातात, त्याच्या घरी त्याच दुपारी जायचं. पुढच्या रविवारी पुन्हा. दात आवळणं थांबेपर्यंत. आधी एक पोस्टमन होता, मग चर्चचाच एक पंच, मग शेजारची एक म्हातारी. ती म्हातारी चार महिन्यांत सुटली. पोस्टमनला दीड वर्ष लागलं.

"मग माझे सव्वादोन का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"ते त्याहिलेच इचारा." तिनं पुन्हा मशीन सुरू केलं. जराशानं मान वर न करता म्हणाली, "माह्याकडं तं एकही रविवार नाही आले. मी आवडते ना."

ते वाक्य मी तेव्हा नीट ऐकलंच नाही. मला माझाच अपमान झोंबत होता.

पुढच्या रविवारी मी चहा ठेवला नाही. सर आले, बूट लावले, लिंबं ठेवली. मी उभ्याउभ्याच विचारलं, "सर, मी तुम्हाला आवडत नाही म्हणे."

"कोनं सांगितलं? एस्तेरनं?"

"खरं आहे का?"

"हो."

एवढंच. यजमान पेपर घेऊन आत जायला उठले होते, ते परत बसले.

"मी काय घोडं मारलं तुमचं?"

"माह्ये तास खाता तुम्ही," सर म्हणाले. "गुरुवारचा चवथा. शनिवारचा शेवटचा. परीक्षा आली की पोर्शन राह्यला, पोर्शन राह्यला म्हनता आन् मैदानावरून पोट्टे उचलून नेता. बरं, नेताना इतकं गोड बोलता, का मानूस नाही म्हनू शकत नाही. तो गोड आवाज आला का माह्ये दात आवळले जाते."

यजमान फसकन हसले. मी रडायच्या बेताला आले. कारण ते खरं होतं. पीटीचा तास म्हणजे रिकामाच तास, असं आम्ही सगळेच धरून चालायचो, आणि मी तर हक्कानं.

"मग हे येणं, ही लिंबं, हे सगळं खोटंच ना?"

"लिंबं खरे हायेत जी. येनंही खरं हाये. मन तेवढं मांगं राह्यते. पाय पुढं गेले का तेही येते लंगडत लंगडत."

"आणि मी नाही सुधारले तर? तास घेतच राहिले तर?"

सरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी अगदी पहिलीतली चूक केली होती. "तर येतच राहीन. तुम्ही सुधराव म्हनून येतो का मी? तसं असतं तर ते अट झाली. मी सुधराव म्हनून येतो."

मी खाली बसले. यजमानांनी आत जाऊन स्वतः चहा ठेवला. त्या दिवशी सर पहिल्यांदा चाळीस मिनिटांच्या वर बसले आणि बोलले. बायकोबद्दल बोलले. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ते तिला फार टाकून बोलत. स्वयंपाकावरून, माहेरावरून, कशावरूनही. "हात नाही उचलला कधी. पन जीभ चालवली. ते उलटून बोलत नव्हती. भेत होती असंही नाही. ताट वाढायची, समोर बसायची, मी काय बोलतो ते आयकायची आन् रात्री माह्यासाठी प्रार्थना करायची. मले आयकू जायची. एक दिवस मीच थकलो. मले वाटलं, हे बाई कोनत्या अटीवर माह्याजवळ राह्यते? धुंडून पाह्यलं, तं अटच नाही. ते गेली तवा मले समजलं का प्रभूची प्रीती म्हनतात ते हेच असन. ऊन पडते तवा कोनाचं वावर हाये ते पाह्यते का? मले तसं आपोआप जमत नाही. म्हनून रविवार ठरवला."

मला हे पटलं, असं म्हणवत नाही. उलट मला बघायचंच होतं, हे कुठवर खरं आहे. लाज वाटते सांगायला, पण त्याच गुरुवारी मी मुद्दाम सातवीचा पीटीचा तास मागितला. तोच गोड आवाज काढून. सर दारात उभे होते. त्यांनी शिटी मुठीत घट्ट धरली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि ते बाजूला झाले. रविवारी साडेतीनला फाटकाची कडी वाजली. लिंबं आठ होती.

त्यानंतर मी त्यांचा तास कधी घेतला नाही. त्यांनी त्याची दखलही घेतली नाही. येत राहिले.

आता त्यांच्याशी बोलणं सोपं झालं होतं. एकदा ते निघताना बुटांच्या नाड्या बांधत होते, तेव्हा मी सहज विचारलं, "सर, असं कुणी आहे का, ज्याचा चेहरा समोर येतो आणि तरी तुम्ही जात नाही?"

नाडीवरचे हात थांबले. "हाये एक. तो आला का मी डोळे उघडतो."

कोण, ते मी विचारलं नाही. सगळ्या गावाला माहीत होतं. एस्तेरचा नवरा दारव्हा ते यवतमाळ जीप चालवायचा. प्यायचा. लग्नाच्या चौथ्या वर्षी त्यानं तिचा हात पिरगाळून मनगट मोडलं. हाड नीट बसलं नाही. ती माहेरी आली, महिनाभर राहिली आणि मग बापाकडेही कायमची न राहता तिनं नेरला जाऊन दुकान टाकलं. सरांनी जीपच्या थांब्याकडचा रस्ताच सोडला होता. शाळेत यायला ते लांबून वळसा घालून यायचे. पायी चालायचा शौक असेल, असं आम्हाला वाटायचं.

पुढच्या उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीची गोष्ट. मधल्या सुट्टीत एक जीपवाला शाळेत आला आणि सरांना बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, तुमचा जावई यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात हाये. पोट फुगलं, पाय सुजले. भावानं आनून टाकलं आन् निंगून गेला. जवळ कोनी नाही." तो माणूस निरोप देऊन गेला. सर मैदानाच्या मधोमध तसेच उभे राहिले. घंटा झाली, मुलं वर्गात गेली, तरी उभेच.

त्या रविवारी ते आमच्याकडे आले नाहीत. सोमवारी मला म्हणाले, "गेलतो."

मग सुट्टी लागली आणि ते रोजच जायला लागले. सकाळच्या बसनं यवतमाळ, संध्याकाळी परत. एका रविवारी मीही त्यांच्यासोबत गेले. मदत करायला गेले, असं मी जाऊबाईंना सांगितलं. खरं म्हणजे मला बघायचं होतं.

वॉर्डात शिरलो तेव्हा जावई भिंतीकडे तोंड करून पडला होता. कधीकाळी धिप्पाड असलेला माणूस. आता हातापायाच्या काड्या आणि पोट तेवढं वर आलेलं. डोळे पिवळे. सरांनी पिशवीतून वाटी, साबण आणि दाढीचा वस्तरा काढला. गळ्यातली शिटी मध्ये येऊ नये म्हणून पाठीवर टाकली.

"कायले येता जी तुम्ही?" जावई बोलला. आवाजात मिंधेपणा नव्हता, उलट चीडच होती. "मराची वाट पाह्याले?"

"चार वर्षं तेच पाहून राह्यलो होतो," सर म्हणाले. "मान वर कर."

त्यानं मान वर केली. गळ्याची घाटी वरखाली होत होती. सरांनी वस्तरा टेकवला. त्यांचा जबडा असा आवळलेला की गालाचं हाड पुढं आलं होतं. मी पलंगाचा दांडा धरून उभी राहिले. शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाची बायको पंखा हलवायची थांबली. तिला काय कळलं असेल कोण जाणे.

"हालू नको," सर म्हणाले. "माह्या हातात वस्तरा हाये."

दाढी झाली. एकही ओरखडा नाही. नंतर त्यांनी त्याचं अंग पुसलं, चादर बदलली, वरणभात कालवून भरवला. त्यानं तीन घास खाल्ले आणि चौथा थुंकला. सरांनी तो पुसून घेतला. 'बरं वाटते का' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. गोड शब्द एकही नाही. बाहेर नळावर ते हात धूत राहिले, फार वेळ. मग मला म्हणाले, "मॅडम, आज एक मिनिट दात सुटले होते. हनुवटीखाली वस्तरा होता तवा. तो लहान पोरासारखा दिसला मले. मंग पुन्हा आवळले."

मला त्यांचा अभिमान वाटला. मनात एक प्रश्नही होता, पण मी तो दाबला. एस्तेरला हे माहीत आहे का?

माहीत नव्हतं. पण नेरमधली एक गिऱ्हाईक बाई त्याच वॉर्डात कुणाला भेटून आली, आणि पुढच्या रविवारी साडेतीनला आमच्या फाटकाची कडी वाजली. मला वाटलं, सर. दारात एस्तेर उभी होती.

"पप्पा यवतमाळहून उतरले का तुमच्या घरावरूनच जातात ना? थांबते मी."

तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. दीड तास बसली. रविवार म्हणून सर परतताना आमच्याकडे वळले, तिला बघून दारातच थबकले. एका पायातला बूट निघाला होता, दुसरा तसाच.

"तू कवा आली?"

"हे सांगा," एस्तेर म्हणाली आणि तिनं उजवा हात पुढं केला, मनगट वर करून. "हा हात तुमच्या प्रीतीत कुठी बसते?"

सरांनी मनगट धरायला हात पुढं केला; तिनं आपला मागं घेतला.

"त्याची दाढी करून देता. त्याले भरवता. गावभर नाव झालं, कसे देवमानूस हायेत म्हनून. माह्या हातानं मले महिनाभर वेणी घालता येत नव्हती पप्पा. शेजारीन घालून द्यायची. तवा तुम्ही कुठी होते? पोस्टमनकडं!"

"एस्तेर, तुह्यासाठी तं जीव..."

"जीव नका सांगू. चार वर्षांत नेरले किती रविवार आले ते सांगा."

बाहेर लाइनवर काम सुरू असल्यानं पंखा बंद होता. मी उठून आत जावं की थांबावं, मला समजेना.

"तुह्याकडं येऊन काय करायचं?" सर अगदी हळू म्हणाले. "तू तं माही होती. तथी मेहनत लागतच नव्हती. मन तथीच होतं."

"मन होतं. मानूस नव्हता." एस्तेरचा आवाज फुटला. "वैरी असती तं आले असते, लिंबं घेऊन. मले कितीकदा वाटलं, याहिच्याशी भांडावं, म्हनजे निदान येतीन तरी."

सर दारातल्या दारात खाली बसले. एका पायात बूट, एक पाय अनवाणी. रडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना रडताही नीट येत नव्हतं; खोकल्यासारखा आवाज निघत होता. जरा वेळानं म्हणाले, "मी उलटं समजलो. चुकलं माह्यं. तू म्हन, आजपासून मी त्याच्याकडं नाही जात."

"मी कायले म्हनू? तो मरन तं माह्या माथी?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "जा तुम्ही. पन मले सांगून जा. आन् एक. माह्या नावानं त्याले माफ करू नका. तुमचं तुम्ही करा. माह्यं ते माह्यं हाये."

"नाही करत," सर म्हणाले. "शपथ."

त्या संध्याकाळी मी तिघांना जेवू घातलं. एस्तेरला शेवटच्या बसवर सोडायला सर गेले.

पुढं जे झालं ते मला सरांनी सांगितलं. जावयाच्या अंगावरची सूज उतरली, तो भिंतीला धरून चालायला लागला. आणि एका बुधवारी सर डबा घेऊन गेले तर पलंग रिकामा. सकाळीच भाऊ येऊन घेऊन गेला होता. कुठं, कसं, काही निरोप नाही. चादर चुरगाळलेली, आणि सरांनी नेऊन दिलेला टॉवेल, साबणाची डबी सगळं घेऊन गेलेला.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. वाट पाहून राह्यलो होतो मी. मले समजलंच नाही, का मी त्याच्या एका शब्दाची वाट पाहून राह्यलो होतो. तो नाही बोलला ते बरं झालं. नाही तं मी तेवढ्यासाठीच गेलतो असं झालं असतं." शेजारच्या रुग्णाच्या बायकोबरोबर त्यांनी डबा खाल्ला. मग बसस्टँडवर आले. दारव्ह्याची गाडी लागली होती. ते नेरच्या गाडीत बसले.

त्यापुढचं एस्तेरनं सांगितलं. बुधवारी भरदुपारी दुकानाच्या दारात पप्पा उभे. तिनं मशीन थांबवलं. "काय झालं?" "काही नाही. आलो." तिनं स्टूल दिलं. ते बसले. बोलायला काही सुचेना. नळाचं पाणी विचारलं, तब्येत विचारली आणि संपलं. न आवडणाऱ्या माणसापुढं कसं बसायचं ते त्यांना पाठ होतं. इथं दोन्ही हात कुठं ठेवावे तेही कळेना. घड्याळाकडं बघत होते. चाळीस मिनिटं होत आली तशी तिलाच वाटलं, आता उठतील. तिनं हुकांची डबी आणि एक तयार ब्लाउज त्यांच्या मांडीवर ठेवला. "लावा." त्यांनी सुई हातात घेतली. पहिलं हुक उलटं लागलं. तिनं उसवलं. दुसरंही उलटं. शटर ओढायची वेळ झाली तेव्हा सहा हुकं लागली होती आणि त्यांच्या बोटांना तीन ठिकाणी सुई टोचली होती.

आमच्याकडं सरांचं येणं बंद झालं. पहिल्या रविवारी मी साडेतीनला फाटकाकडं बघत राहिले, दुसऱ्याही. यजमान म्हणाले, "झाली ना पास तू?" मी हसले, पण लिंबं विकत आणताना जरा जिवावर आलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी दारव्ह्याचं घर भाड्यानं दिलं आणि ते नेरला राहायला गेले. मी माहेरी गेले की दुकानावरून जाते. मागच्या महिन्यात गेले तेव्हा सर बाहेर ओट्यावर बसून हुकं लावत होते. चष्मा लागलाय. मला बघून "जय भीम, मॅडम," म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. आत एस्तेर एकटीच होती. तिचा नवरा जिवंत आहे, कुठल्याशा गावी भावाच्या वावरात राहतो, असं कानावर आलं होतं. मला राहवलं नाही. आवाज खाली करून मी विचारलं, "एस्तेर, तू त्याला माफ केलंस का गं?"

तिनं कापडावर खडूनं रेघ ओढली, वाकडं मनगट सांभाळत.

"नाही जी. अजून नाही झालं."

"आणि सर? ते काय म्हणतात?"

तिनं ओट्याकडं पाहिलं. सर सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होते. दोरा जात नव्हता.

"पप्पा नाही विचारत," ती म्हणाली. "रोज येऊन बसतात फक्त."